अक्काचे पंचवीस लाइट

माझ्या आईला बांगड्या दोन मापांच्या लागत. डाव्या हाताला सव्वादोन आणि उजव्याला अडीच. घराबाहेर ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती, आमच्या बांगडीवाल्याला. कानडीत बांगडीवाल्याला बळेगार म्हणतात. चामराजपेटेतल्या आम्ही सगळ्या मुली त्याला बळेगार अज्जा म्हणायचो. गौरीच्या आधीचा आठवडा तो खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून दारोदार फिरायचा. आमच्या ओसरीवर शेजारपाजारच्या आठ-दहा बायका जमायच्या. आईचा उजवा हात हातात घेतला की तो मांडीखालच्या फडक्यातून वेगळी माळ ओढायचा आणि त्याबद्दल चकार शब्द न काढता बांगड्या चढवायचा. समोर बसलेल्या बायकांना मुंगीसुद्धा दिसायची, पण ही दुसरी माळ कुणाला कधी दिसली नाही. तो काम करताना इतक्या गप्पा मारायचा की सगळ्या त्याच्या तोंडाकडेच बघत बसायच्या.

आईला मी अक्का म्हणायचे. तिचे दोन धाकटे भाऊ शिकायला आमच्याकडे राहिले होते आणि मी बोलायला शिकले ती त्यांचं ऐकून. मामा शिकून गेले, अक्का राहिली. वडील अण्णा. आमचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षांचं. आपण नक्की कुणाच्या फौजेबरोबर आलो, यावरून लग्नाच्या पंगतीत अजून भांडणं होतात. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्याला हसत. आम्ही 'स्वल्प थांबा' म्हणायचो, 'ठीक'ला 'सरी' म्हणायचो, गौरी कानडी लोकांसारखी गणपतीच्या आदल्या दिवशी बसवायचो. अक्का त्यांना कॉफी द्यायची आणि आत येऊन त्यांच्याच सुरात 'अगोबाई' म्हणून मला हसवायची. नक्कल करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मी तेरा वर्षांची असताना तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. पन्नास सालानंतरची सहा-सात वर्षं उलटली होती. तेव्हा त्या रोगाचं नाव घरात घ्यायची पद्धत नव्हती. 'ते' म्हणायचे. 'ते' असेल का, 'ते' नसावं, आणि मग एक दिवस अण्णा किल्ल्याजवळच्या मोठ्या इस्पितळातून एकटेच परत आले आणि म्हणाले, "तेच आहे." मोठं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीसुद्धा काढल्या, आणि त्यामुळे पुढे तिचा उजवा हात कायमचा सुजलेला राहिला. दोन मापांचं कारण एवढंच.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं मला वाटलं होतं. पण त्यानंतर लाइट द्यायचे होते. क्ष-किरणांचा मारा, पण सगळे त्याला लाइटच म्हणत. पंचवीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस. अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांनी माझी पाटी घेतली आणि अक्काला आकृती काढून दाखवली. हे यंत्र, हे किरण, ही तुझी छाती, आणि हे उरलेसुरले रोगाचे कण, ते असे जळतील. अक्का म्हणाली, "आकृतीत मी फार बारीक दिसते." अण्णांनी पुसून जरा जाड काढली.

रोज दुपारी दोन वाजता जटका दाराशी यायचा. जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा. अण्णांनी हेडमास्तरांकडून दुपारची सुटी मागून घेतली होती. मी शाळेतून घरी येईपर्यंत दोघं परतलेली नसत. आस्पत्रीत असा किती वेळ लागतो, असं मी एकदा अक्काला विचारलं. ती लाजली. माझी आई लाजलेली मी पहिल्यांदा पाहिली. लाइट पाच मिनिटांचा असायचा. त्यानंतर अण्णा तिला मार्केटाजवळच्या हॉटेलात न्यायचे, आत, कुटुंबांसाठी पडदा लावलेल्या जागेत. तिथे ते बाय-टू कॉफी मागवायचे, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. तिच्या पेल्यात जरा जास्त ओतायचे. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि तोवर ती दोघं हॉटेलात कधी गेली नव्हती. दोघंच अशी कुठेच गेली नव्हती.

"त्या पाच आठवड्यांत तुझे अण्णा माझ्याशी जेवढं बोलले," ती नंतर सांगायची, "तेवढं आधी कधी बोलले नव्हते. वर्गात मुलांशी बोलतात तसं, सगळं. पृथ्वी कशी फिरते ते मला त्या हॉटेलात कळलं."

चौदाव्या लाइटनंतर मात्र तिची कातडी जळली. छातीवर तव्याएवढा काळा डाग पडला, त्यातून पाणी येऊ लागलं, रवकी, म्हणजे चोळी, अंगाला चिकटायची. तिने सांगून टाकलं, "आता बेडा. पुरे. मी जाणार नाही." 'बेडा' म्हणजे नको, आणि अक्काने बेडा म्हटलं की घरातली मांजरसुद्धा मागे फिरायची. अण्णा झोपाळ्यावर बसले आणि मास्तरी आवाजात म्हणाले, "अर्धा पेपर लिहून उठलेला मुलगा पास झालेला मी पाहिला नाही." दुसऱ्या दिवशी दोन वाजता जटका आला, आणि ती जाऊन बसली. पंचवीस पुरे झाले.

त्यानंतरची सात वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, असं मी आता म्हणते तेव्हा माझी मुलं नाराज होतात. होऊ देत.

अक्काने आपल्या रिकाम्या बाजूसाठी एक पिशवी शिवली. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली धान्याची उशी देतात, त्यावरून तिला सुचलं. कापूस हलका पडतो, वर सरकतो, म्हणून तिने आत रागी भरली, म्हणजे नाचणी. स्वयंपाकघरातल्या ताजव्यात वजन करून, थोडी काढून, थोडी घालून, तिने ती बरोबर जमवली. एकदा हळदीकुंकवाहून परतताना त्या पिशवीची शिवण उसवली आणि पुढच्या क्रॉसपासून, म्हणजे आडव्या गल्लीपासून, आमच्या फाटकापर्यंत रस्त्यावर रागीची बारीक रेघ पडली. मागून चिमण्या उतरायला लागल्या. मी शरमेनं मेले. अक्का मान ताठ ठेवून, ओळखीच्यांना नमस्कार करत घरापर्यंत चालली, दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अगं," ती म्हणाली, "एवढ्या चिमण्यांना जेवण घातलं, पुण्य लागेल." मी चिडून तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मी तेव्हापासूनच तापट. राग आला की आधी बोलायचं आणि मग कुणावर बोललो ते बघायचं, अशी माझी रीत.

ती सिनेमे बघायला लागली. दुपारच्या खेळाला मला घेऊन जायची, आणि शाळेला माझ्या पोटदुखीची चिठ्ठी लिहायची. मला महिन्यातून दोनदा पोटदुखी व्हायची आणि अण्णा स्वतः मास्तर असून त्यांनी एकदाही विचारलं नाही की या मुलीच्या पोटाला झालंय तरी काय. संध्याकाळी आम्ही घरी यायचो तेव्हा हवेत गारवा असायचा, अंगणात कनकांबरं फुललेली असायची, आणि अक्का सैपाक करताना सिनेमातल्या नायिकेची रडण्याची तऱ्हा करून दाखवायची. अण्णा वह्या तपासता तपासता हसायचे. तेव्हाच्या बंगळुरात रात्री पंखा लागत नसे. आम्ही तिघं पांघरूण घेऊन बसायचो आणि भाजलेले शेंगदाणे खायचो. दुःखाची म्हणून काही गोष्ट त्या घरात घडून गेली आहे, हे मी विसरूनच गेले होते.

मी वीस वर्षांची झाले, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी गौरीच्या आधी बळेगार अज्जा नेहमीसारखा आला. त्याने अक्काच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. एक बांगडी चढवताना फुटली, मनगटाला बारीकशी काच लागली. बांगड्या भरून झाल्यावर अक्काने रीतीप्रमाणे त्याला वाकून नमस्कार केला, सुपातून तांदूळ आणि विडा दिला. तो उठला, पण जाताना तिच्या हाताकडे पुन्हा एकदा बघून गेला.

ती काचेची जखम काही थांबेना. फडकं बांधलं, हळद लावली, तरी संध्याकाळपर्यंत रक्त झिरपतच होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर, अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाभोवती, काळेनिळे डाग उठले. जांभळं चुरडल्यासारखे. शेजारणींनी निदान केलं की म्हाताऱ्याला आता दिसत नाही, त्याने लहान मापाच्या बांगड्या जबरदस्तीने चढवल्या. मला ते पटलं, कारण मला रागवायला माणूस मिळाला होता. दोन दिवसांनी तो मार्केटाच्या वाटेवर दिसला आणि मी भर रस्त्यात त्याला धरला. आईच्या हातांची काय दशा केलीस ते बघ, जमत नसेल तर धंदा सोड, असं मी त्याला कानडीत, लोकांच्या देखत सुनावलं.

त्याने माळा खांद्यावरून खाली घेतल्या. त्याला राग आला नव्हता.

"अम्मा," तो म्हणाला, "एका हाताचं माप चुकेल. दोन्ही हातांचं कसं चुकेल? चाळीस वर्षं मी बायकांचे हात धरतोय. आईंच्या हाताला या वेळी रक्तच नव्हतं. गार होता. मी तिथे बोललो नाही, बायका बसल्या होत्या. डॉक्टरला दाखवा."

मी त्याला काहीतरी उलट बोलून घरी आले. पण त्याचं म्हणणं मी अक्काला सांगितलं. ती थोडा वेळ आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिली. उजव्या हाताला डाग पडले तर नवल नाही, तो हात सुजलेलाच होता. पण डावा तर चांगला होता. "तो म्हणतो ते सरी आहे," ती म्हणाली. "आणि तू उद्या जाऊन त्याच्या पाया पडून ये." मी गेले, पडले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अक्काला दाखवलं का, एवढंच विचारलं.

दाखवलं. इस्पितळात रक्त काढलं, कंबरेच्या हाडातला मगज काढला. रक्ताचा कॅन्सर निघाला. आता 'ते' म्हणून भागण्यासारखं नव्हतं, कारण 'ते' दुसरंच होतं. अण्णांनी डॉक्टरांना विचारलं, जुनाच रोग पसरला का? नाही म्हणाले. हा वेगळा, नवीन. अण्णा म्हणाले, एकाच माणसाला दोनदा? त्यांचा आवाज असा होता की जणू पेपर काढणाऱ्याने एकच प्रश्न दोनदा घातलाय.

तिथे एक तरुण डॉक्टर होता, परदेशात शिकून आलेला. अण्णा औषधं आणायला गेले तेव्हा मी त्याला गाठलं. माझ्या इंग्रजीचा मला गर्व होता. हे कशामुळे झालं, मी विचारलं. त्याने अक्काच्या छातीवरचा जुना काळा डाग पाहिलेला होता. किती वेळा लाइट दिले, त्याने विचारलं. मी म्हटलं, पंचवीस. सगळे पुरे केले? केले. मग तो हळूहळू, शब्द तोलत बोलला. ते किरण हाडाच्या मगजापर्यंतही पोहोचतात. कधी कधी, फार थोड्या लोकांना, त्यामुळे पुष्कळ वर्षांनी असं होतं. तुमच्या आईचं त्यामुळेच झालं असं छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. आणि ते लाइट दिले नसते तर ही सात वर्षं तिला मिळाली असती का, हेही कुणी सांगू शकणार नाही.

त्याने चार वाक्यं सांगितली. त्यातली दोन मी घेऊन घरी आले.

बारा दिवस मी ती दोन वाक्यं पोटात ठेवली. माझ्यासारखीला बारा दिवस म्हणजे फार झाले. अक्काला दोनदा बाहेरचं रक्त दिलं, त्याने चार-चार दिवस गालावर रंग यायचा. गोळ्या सुरू होत्या. त्या घेतल्या की तिला उलट्या व्हायच्या, तोंड आतून सोलून निघायचं, पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. एका संध्याकाळी तिने गोळी घ्यायला नकार दिला, भिंतीकडे तोंड करून झोपली. अण्णा बाहेर ओसरीवर आले. मी कंदिलाची काच पुसत बसले होते, आमच्याकडे वीज होती पण ती जायची फार.

"तिला समजाव," ते मला म्हणाले. "कोर्स पुरा करायला हवा. मागच्या वेळी पंचवीसच्या पंचवीस पुरे केले म्हणूनच..."

"म्हणूनच तर हे झालंय," मी म्हणाले.

मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. त्या लाइटनंच तिच्या हाडातलं रक्त नासलं, डॉक्टर म्हणाले, ती चौदावर थांबत होती, तुम्हीच तिला पुढे नेलंत. असं सगळं मी एका दमात बोलले. आणि डॉक्टरची उरलेली दोन वाक्यं मी बोलले नाही. विसरले होते असं नाही. त्या घटकेला मला ती नको होती. माझी आई मरत होती, आणि मला रागवायला पुन्हा एक माणूस मिळाला होता.

अण्णांनी एकच विचारलं. "डॉक्टर म्हणाले?"

"हो."

"सरी," ते म्हणाले, आणि पायात चपला घालून फाटकाबाहेर गेले. तासाभराने आले तेव्हा हातात अक्कासाठी मोसंबी होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली. "आत दे," म्हणाले.

त्या दिवसापासून ते तिच्या खोलीत जाईनासे झाले. आधी शाळेतून आले की ते सरळ तिच्या उशाशी जाऊन बसत, वर्गात कुणी काय दिवे लावले ते सांगत. आता ते सगळं करायचे, पण उंबऱ्याच्या अलीकडून. पाणी तापवायचे, गोळ्या मोजून वाटीत ठेवायचे, मोसंबीचा रस काढून गाळायचे आणि पेला मला द्यायचे. "झोपली आहे का?" मला विचारायचे. ती जागी असली तरी ते आत जात नसत. एकदा मी पाहिलं, ते दाराच्या बाजूला भिंतीला टेकून उभे होते, आत अक्का खोकत होती, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी काय केलं ते मला कळलं होतं. पण ते निस्तरायचं कसं, हे मला येत नव्हतं. खरं सांगते, त्यांच्यासमोर उभं राहून 'मी अर्धंच सांगितलं' एवढं म्हणायचं धाडस मला झालं नाही. तोंड माझं फक्त रागात चालायचं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ते मुठीमुठीनं निघत होते. तिने माझा हात धरला.

"तुझे अण्णा माझ्याकडे येत नाहीत. का?"

"शाळेत परीक्षा आहेत," मी म्हणाले.

"मी आजारी आहे, अगं. खुळी नाही."

मी रडले आणि सगळं सांगितलं. चारही वाक्यं सांगितली. तिने पुरं ऐकून घेतलं. मला वाटलं, तिला भयंकर धक्का बसेल. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. अंगात बळ नव्हतं, तरी तो मला लागला.

"बोलाव त्यांना," ती म्हणाली.

अण्णा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "आत या," ती म्हणाली. ते आत आले, पण बसेनात. खाली बघत म्हणाले, "मी तुला नेलं. तू नको म्हणत होतीस, मी नेलं."

"तुम्ही नेलंत?" अक्काला राग आला होता. आजारात पहिल्यांदाच तिचा पूर्वीचा आवाज ऐकू आला. "जटक्यात उचलून घातलं होतंत का मला? अहो, तुमच्या त्या पेपराच्या गोष्टीनं मी गेले असं तुम्हाला वाटतं? पंधरा वर्षं तुमच्या अशा गोष्टी ऐकत होते, एकीनं तरी मी हलले का? त्या वर्षी मी महाळुंगाचं लोणचं घातलं होतं. ते अजून मुरायचं होतं. दुपारी फडताळ उघडून बरणी बघितली आणि मला वाटलं, हे खायला मी हवी. मला जगायचं होतं म्हणून मी गेले. माझं मी ठरवलं. ते स्वतःच्या नावावर करून घ्यायचं नाही."

अण्णा उभेच होते.

"आणि लोणचं झकास मुरलं होतं," ती म्हणाली. "बसा आता. किती दिवस झाले, मला कुणी काही सांगितलं नाही. आठवीच्या त्या मठ्ठ पोराचं काय झालं?"

अण्णा बसले. त्या मठ्ठ पोराची हकिकत सांगू लागले, आणि मध्येच त्यांना रडू आलं. मी तिथून उठले. डॉक्टरची उरलेली दोन वाक्यं मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितली. त्यांनी मान हलवली. त्यांना आता त्या वाक्यांची तशी गरज नव्हती.

त्यानंतर अक्का एकवीस दिवस होती. अण्णांनी शाळेतून रजा घेतली. ते सगळा दिवस आत बसून असत. ती जागी असेल तेव्हा बोलायचे आणि झोपली तरी कितीदा बोलतच राहायचे. मी कॉलेजातून आले की सायकल लावताना खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा. एकदा ते तिला चंद्रग्रहण समजावत होते. ती म्हणाली, "हे तुम्ही मला आधी सांगितलंय." "मग?" ते म्हणाले. "मग परत सांगा," ती म्हणाली. शेवटचे तीन दिवस ती बोलली नाही. एका सकाळी, अण्णा तिच्या ओठांवर ओल्या कापसाचा बोळा फिरवत असताना ती गेली.

माफी मागायला मला चार महिने लागले. तोवर आमचं दोघांचं घर चालायला लागलं होतं. मी सैपाक करायचे, अण्णा भाजी चिरायचे, बोलणं कामापुरतं. एका रविवारी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बीन्सच्या शेंगांचे दोरे काढत होते. मी समोर जाऊन बसले आणि सांगितलं की त्या संध्याकाळी मी अर्धंच सांगितलं, मुद्दाम अर्धंच सांगितलं, तुम्हाला लागावं म्हणून. मला क्षमा करा.

ते हातातली शेंग मोडायचे थांबले. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे, तू लहान होतीस. कुठलाही बाप म्हणेल तसं. पण आमच्या घरात कुणी उगाच खोटं बोलत नसे.

"तू बोललीस ते माझ्या मनात येऊन गेलंच असतं," ते म्हणाले. "विज्ञान शिकवतो मी. आज ना उद्या मीच तिथवर पोहोचलो असतो. त्याचं मला काही नाही."

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"पण ते नऊ दिवस मला परत हवेत गं," ते म्हणाले.

अण्णा पुढे अठरा वर्षं जगले. माझं लग्न, माझी मुलं, सगळं त्यांनी पाहिलं, आणि कधी कशासाठी माझ्यापुढे हात पसरला नाही. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.